एक तार, दहा अधिकारी

1945 सालच्या शरदात डेट्रॉईटशेजारच्या डिअरबॉर्न इथे, फोर्ड मोटर कंपनीच्या अध्यक्षाच्या नावे एक तार आली. पाठवणारा अमेरिकी लष्कराच्या हवाई दलातला कर्नल चार्ल्स थॉर्नटन, वय 32. टेक्सासचा, म्हणून सगळे त्याला ‘टेक्स’ म्हणत. तारेचा आशय एवढाच होता की, व्यवस्थापनाच्या एका महत्त्वाच्या विषयावर आपल्याशी बोलायचं आहे आणि आमच्याविषयी खात्री करून घ्यायची असेल तर युद्ध खात्यातल्या रॉबर्ट लव्हेट यांना विचारा. जागा रिकामी आहे का, अशी चौकशी तारेत नव्हती. पगाराचा शब्द नव्हता. आणि भेटायला अधिकाऱ्यांचा अख्खा गट येणार होता.

1946च्या सुरुवातीला फोर्डने त्या दहाही जणांना एकत्र कामावर घेतलं. सैन्यातून उद्योगात जाण्याच्या उदाहरणांत मला हे प्रकरण सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. त्यांच्यातला एक जण पुढे अमेरिकेचा संरक्षणमंत्री झाला म्हणून हे प्रकरण गाजलं, पण मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्या कर्नलने तार पाठवली, माणसं जमवली, बोलणी केली, तो दोन-अडीच वर्षांत कंपनी सोडून गेला. आणि ज्याला मुळात यायचंच नव्हतं, तो अध्यक्षपदापर्यंत पोहोचला.

युद्धात ते नेमकं काय करत होते

थॉर्नटन युद्धाआधी वॉशिंग्टनमध्ये सरकारी गृहनिर्माण खात्यात आकडेमोडीच्या कामावर होता. त्याने तयार केलेल्या एका अहवालामुळे तो लव्हेटच्या नजरेत भरला. लव्हेट 1941 पासून युद्ध खात्यात हवाई दलाचा कारभार पाहत होता आणि त्याची मोठी अडचण ही होती की, त्याच्या दलाकडे स्वतःविषयीची माहितीच नव्हती. विमानं किती आहेत, त्यांतली उद्या सकाळी उडू शकतील अशी किती, सुटे भाग कुठे पडून आहेत, कुठल्या तळावर वैमानिक जास्त आणि विमानं कमी आहेत, याचा मेळ कुणालाच लावता येत नव्हता. दल झपाट्याने वाढत होतं आणि कारभार अंदाजपंचे चालला होता.

1942 मध्ये यासाठी सांख्यिकी नियंत्रणाची वेगळी शाखा उभी राहिली आणि थॉर्नटन तिचा प्रमुख झाला. प्रत्येक तळाने एकाच नमुन्यात, ठरलेल्या वेळी माहिती पाठवायची. ती एका जागी जमा होऊन तिच्यातून निर्णयाला उपयोगी पडेल असं काहीतरी वर जायला हवं, अशी ही व्यवस्था. त्यासाठी लागणारे अधिकारी घडवण्याचं काम हार्वर्डच्या बिझनेस स्कूलने घेतलं. तिथे शिकवणाऱ्या तरुण प्राध्यापकांपैकी एक होता रॉबर्ट मॅकनामारा. 1943 मध्ये तो स्वतःच गणवेशात आला.

या कामाचं स्वरूप समजायला एक उदाहरण पुरेल, आणि ते आपल्या भूमीवरचं आहे. 1944 मध्ये अमेरिकेची नवी बी-29 विमानं बंगालमधल्या खरगपूरच्या परिसरात उतरली. (त्यांच्या कमांडचं मुख्यालय हिजलीच्या बंदिवासाच्या इमारतीत होतं, पुढे 1951 मध्ये तिथेच आयआयटी खरगपूर सुरू झालं.) योजना अशी की, याच विमानांनी हिमालय ओलांडून चीनमधल्या चेंगडूला इंधन पोहोचवायचं, तिथे पुरेसा साठा झाला की तिथून जपानच्या पोलाद कारखान्यांवर हल्ला करायचा आणि भारतात परतायचं. या विमानांबरोबर काम केलेल्या मॅकनामाराने पुढे सांगितलं की, काही खेपांत विमान चेंगडूला इंधन देण्याऐवजी परतीसाठी तिथलंच इंधन भरून घेत असे. म्हणजे साठा वाढवायला गेलेलं विमान साठा कमी करून येई. वैमानिक जिवावर उदार होऊन हिमालय ओलांडत होते. त्यांच्या धैर्यात कुठेच खोट नव्हती. पण खेपेगणिक किती इंधन गेलं आणि किती उतरलं हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय घोडं कुठे पेंड खातंय ते दिसणार नव्हतं. तो हिशेब मांडणं, हेच या माणसांचं युद्धातलं काम.

सैन्य सोडणाऱ्या माणसाला सगळे हमखास सांगतात, ‘तुमची शिस्त हेच तुमचं भांडवल.’ सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण हे वाक्य मला अपुरं वाटतं. युद्ध संपलं तेव्हा अमेरिकी सैन्यात सव्वा कोटीच्या आसपास माणसं होती आणि पुढच्या दोन वर्षांत त्यांतली बहुतेक घरी परतली. शिस्त त्या सगळ्यांकडे होती. थॉर्नटनच्या गटाकडे त्याखेरीज एक ठरावीक काम होतं: पसरलेल्या, स्वतःचाच पत्ता नसलेल्या अवाढव्य संस्थेला तिची खरी स्थिती दाखवणं. ते काम विमानांच्या बाबतीत चालतं तसंच मोटारींच्या बाबतीतही चालेल, हे थॉर्नटनने ओळखलं. गट म्हणूनच जायचं, ही त्याची दुसरी हुशारी. एकटा हिशेबनीस मोठ्या कंपनीत कुठल्या तरी खोलीत गडप होतो. दहा जण एकाच पद्धतीने काम करत असतील तर ती पद्धतच कंपनीत शिरते.

घेणारा कोण होता

फोर्डची अवस्था त्या वेळी फार वाईट होती. संस्थापक हेन्री फोर्ड म्हातारा झाला होता, हिशेबनिसांविषयी त्याला तिटकारा होता आणि कारखान्यावर हॅरी बेनेट नावाच्या माणसाची दहशत होती. मे 1943 मध्ये फोर्डचा मुलगा एडसेल वारला. कंपनी युद्धसाहित्य बनवत असल्यामुळे सरकारलाही काळजी वाटू लागली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एडसेलच्या मुलाला, दुसऱ्या हेन्री फोर्डला, नौदलातून मोकळं करून घरी पाठवण्यात आलं. 21 सप्टेंबर 1945 रोजी तो अध्यक्ष झाला तेव्हा त्याचं वय होतं 28. बेनेटला त्याने लगेच काढलं. पण पुढे काय? कंपनी महिन्याला 90 लाख ते 1 कोटी डॉलर गमावत होती, असा आकडा सांगितला जातो. खरा आकडा सांगू शकेल अशी यंत्रणाच तिथे नव्हती. देणी किती आहेत हे ठरवायला बिलांच्या गठ्ठ्याचं वजन करत, ही त्या काळची गोष्ट फोर्डविषयी आजही सांगितली जाते.

या प्रकरणाची चर्चा करताना एक बाब बहुधा सुटते, ती म्हणजे घेणारा स्वतःच नुकताच गणवेश उतरवून आलेला होता. गटातल्या माणसांची वयं 26 ते 34. म्हणजे हे सगळे एकाच पिढीचे. आजोबांच्या आणि बेनेटच्या माणसांनी भरलेल्या इमारतीत या अध्यक्षाला स्वतःचं म्हणावं असं फारसं कुणी नव्हतं. बाहेरून आलेली, कुणाच्याही गोटात नसलेली दहा माणसं त्याला तेव्हा मिळाली. वर्षभर आधी किंवा वर्षभर नंतर हीच तार गेली असती तर तिचं काय झालं असतं, कोण जाणे. या यशात वेळेचा वाटा मोठा होता हे मान्य करूनच पुढे जायला हवं.

न येणारा माणूस आला कसा

गटातले बहुतेक जण खुशीने आले. मॅकनामाराला मात्र हार्वर्डला परत जाऊन शिकवायचं होतं. पण 1945च्या ऑगस्टमध्ये त्याला आणि त्याची पत्नी मार्गारेट हिला, दोघांनाही पोलिओ झाला. तो लवकर सावरला. तिचा आजार गंभीर होता आणि रुग्णालयाची बिलं वाढत गेली. प्राध्यापकाच्या पगारात ती भागणार नाहीत, हे थॉर्नटनने त्याला समजावलं, आणि मॅकनामारा आला.

मला ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. नोकरी बदलण्याच्या चर्चेत ‘तुमची आवड काय, ध्येय काय’ यावर फार भर असतो. सैन्यातून बाहेर पडणाऱ्या कितीतरी माणसांपुढे खरा प्रश्न घरातलं आजारपण, मुलांचं शिक्षण, डोक्यावरचं छप्पर असा असतो, आणि मनात नसलेली वाट त्यामुळे पत्करावी लागते. त्यात कमीपणा वाटून घेण्यासारखं काही नाही. मनाविरुद्ध आलेल्या माणसाने फोर्डमध्ये जे काम केलं, ते मनापासून आलेल्या कुणाहीपेक्षा कमी नव्हतं.

पहिले काही महिने

रुजू झाल्यावर त्यांना लेखी चाचण्यांना बसवण्यात आलं: बुद्धी, तर्क, स्वभाव, सगळ्याच्या. युद्धात हजारो विमानांचा हिशेब सांभाळलेल्या अधिकाऱ्यांना शाळकरी मुलांसारखं पेन्सिल घेऊन बसावं लागलं. त्यांनी ते निमूट केलं आणि गुणही उत्तम मिळवले. त्यानंतर कुणालाही खातं दिलं गेलं नाही. सुरुवातीचे काही महिने ते फक्त विभागाविभागांतून फिरले आणि विचारत राहिले. हा भाग कुठून येतो? त्याला किती पडतात? ते कुणी ठरवलं? गेल्या महिन्यात किती पडले होते? हा कागद कुणाकडे जातो, आणि तो त्याचं काय करतो?

त्या काळी रेडिओवर हुशार मुलांचा ‘क्विझ किड्स’ नावाचा कार्यक्रम लोकप्रिय होता. कारखान्यातल्या जुन्या माणसांनी वैतागून यांना तेच नाव ठेवलं. पुढे त्याचं ‘व्हिज किड्स’ झालं आणि इतिहासात तेच राहिलं.

हा फिरण्याचा काळ या प्रकरणाचा कणा आहे, असं माझं मत आहे. लष्करी अधिकारी नव्या तळावर रुजू होतो तेव्हा पहिल्या दिवसापासून हुकूम देण्याचा अधिकार त्याच्या खांद्यावर असतो. इथे खांदे रिकामे होते. प्रश्न विचारण्याशिवाय त्यांच्या हातात काहीच नव्हतं आणि तीच गोष्ट त्यांच्या पथ्यावर पडली. त्यांनी ‘लष्करात आम्ही असं करायचो’ या वाक्याने सुरुवात केली असती, तर दारं बंद झाली असती. त्यांनी आधी कारखान्याचीच भाषा शिकून घेतली. विमानतळाच्या जागी कारखाना आला, उडण्यायोग्य विमानांच्या जागी विक्रीयोग्य गाड्या आल्या, खेपेच्या इंधनाच्या जागी दर गाडीमागचा खर्च आला. विचाराची पद्धत मात्र जुनीच होती.

खरी अडचण माणसांची होती. बेनेटच्या काळात माहिती दडवून ठेवण्यातच सुरक्षितता होती. ज्याच्याकडे आकडा त्याच्याकडे ताकद, म्हणून कुणी कुणाला ताकास तूर लागू देत नसे. अशा ठिकाणी सगळे आकडे एकाच तक्त्यात मांडणं म्हणजे लोकांची ताकद काढून घेणं होतं. विरोध झाला तो त्यामुळे. अंदाजपत्रक, प्रत्येक विभागाचा वेगळा नफा-तोटा, पुढच्या वर्षांचं उत्पादनाचं नियोजन या गोष्टी हळूहळू, वर्षं घेत रुजल्या. आणि त्या एकट्या या दहांनी रुजवल्या नाहीत.

थॉर्नटनचं काय झालं

1946च्या उन्हाळ्यात हेन्री फोर्डने अर्नेस्ट ब्रीच या अनुभवी व्यवस्थापकाला बेंडिक्स कंपनीतून आणलं. ब्रीचने सोबत जनरल मोटर्समध्ये मुरलेला लुईस क्रूसो आणला. मोटारधंदा ज्यांनी आयुष्यभर केला होता, अशी ही माणसं. थॉर्नटनचा गट त्यांच्या हाताखाली गेला.

इथे थॉर्नटनच्या जागी स्वतःला ठेवून पाहावं. तिशीच्या आत-बाहेर कर्नल झालेला माणूस. जगभरच्या तळांवरची माहिती ज्याच्या टेबलावर येत होती. अध्यक्षाला तार त्याने केली, पगाराची बोलणी त्याने केली, नऊ माणसं त्याच्या शब्दावर आली. त्याच्या मनात तो अजून त्या गटाचा प्रमुख होता. कंपनीच्या आराखड्यात मात्र तो क्रूसोच्या हाताखालचा एक जण होता. दोघांचं जमलं नाही आणि 1948 मध्ये थॉर्नटन ह्यूज एअरक्राफ्टमध्ये निघून गेला.

त्याला अपयशी म्हणणं चुकीचं ठरेल. ह्यूजमध्ये त्याने मोठं काम केलं आणि 1953 मध्ये स्वतःची कंपनी उभारली, जी पुढे लिटन इंडस्ट्रीज म्हणून अमेरिकेतल्या बड्या उद्योगसमूहांत गणली गेली. तिथे त्याचा जोडीदार होता रॉय अ‍ॅश, तोही सांख्यिकी नियंत्रण शाखेतलाच. म्हणजे थॉर्नटनने ओळखलेलं बरोबरच होतं. त्याला स्वतःसाठी हवी असलेली जागा फोर्डमध्ये नव्हती, एवढंच. ज्याचा पिंड पुढे राहून हुकूम देण्याचा आहे, त्याने दुसऱ्याच्या मोठ्या कंपनीत मधल्या पायरीवर शिरावं का, हा प्रश्न मी या प्रकरणातून सगळ्यात गंभीरपणे घेतो. थॉर्नटनसारखा माणूस स्वतःचा धंदा काढण्यासाठीच घडलेला असतो. फोर्डमधली दोन वर्षं त्याच्यासाठी फक्त मुक्काम होती.

उरलेल्यांपैकी जॉर्ज मूर आणि विल्बर अँड्रिसन लवकर बाहेर पडले. अँड्रिसन कॅलिफोर्नियाला परतला. प्रत्येकाला डिअरबॉर्न मानवलं असं नाही.

जे टिकले

एड लंडी युद्धाआधी प्रिन्स्टनमध्ये अर्थशास्त्र शिकवत असे. फोर्डमध्ये तो वित्त विभागात गेला आणि तिथेच राहिला. त्याने पुढच्या अनेक वर्षांत विभागातली तरुण माणसं अशी घडवली की, फोर्डचा वित्त विभाग अमेरिकी उद्योगात शाळा म्हणून ओळखला जाऊ लागला. प्रसिद्धी त्याला मिळाली नाही. दहा जणांत सगळ्यात खोल ठसा कुणाचा, असं मला विचारलं तर मी लंडीचं नाव घेईन, कारण लष्करातून आणलेली पद्धत त्याने स्वतःपाशी न ठेवता दुसऱ्यांच्या हाती दिली.

आर्जे मिलर 1963 ते 1968 कंपनीचा अध्यक्ष होता आणि त्यानंतर दहा वर्षं स्टॅनफर्डच्या बिझनेस स्कूलचा डीन. बेन मिल्स, जेम्स राइट, चार्ल्स बॉसवर्थ यांनीही मोठ्या जबाबदाऱ्या सांभाळल्या.

जॅक रीथची गोष्ट सांगताना मन जड होतं. फ्रान्समधला फोर्डचा तोट्यातला कारभार त्याने सावरला आणि 1954 मध्ये तो सिम्का कंपनीला विकून मोकळा केला. त्या यशाच्या जोरावर त्याने 1955 मध्ये जनरल मोटर्सशी सगळ्याच दरांच्या गाड्यांत टक्कर देण्याची भव्य योजना मांडली. आकडे नीट जुळवलेले, मांडणी तडफदार. संचालकांनी ती मान्य केली. तिच्यातून मोठ्या मर्क्युरी गाड्या आल्या आणि सप्टेंबर 1957 मध्ये एडसेल ही नवी गाडी बाजारात आली. दोन्ही चालल्या नाहीत. एडसेल तर 1959च्या नोव्हेंबरात बंदच करावी लागली. रीथला कंपनी सोडावी लागली आणि 1960 मध्ये, ऐन कर्तृत्वाच्या वयात, तो गेला. गिऱ्हाइकाला गाडी आवडेल की नाही हे दर गाडीमागच्या खर्चाच्या तक्त्यात दिसत नाही. विमानतळावर इंधन किती उरलं हे मोजता येतं. दुकानात उभ्या माणसाचं मन मोजायला वेगळी हातोटी लागते, आणि ती युद्धात कुणी शिकवली नव्हती.

मॅकनामाराला हे पूर्ण कळलं होतं असं नाही, पण त्याने स्वतःला शोभेल अशी गाडी निवडली. साधी, छोटी, कमी खर्चाची फाल्कन 1960च्या हंगामासाठी बाजारात आली आणि पहिल्याच वर्षी 4 लाखांहून जास्त खपली. त्याआधी 1956च्या गाड्यांत त्याने सुरक्षेच्या पट्ट्यांसह अपघातात जीव वाचवणाऱ्या सोयी आणल्या होत्या, विक्रीवाल्यांना त्या फारशा रुचल्या नव्हत्या तरी. हा त्याचा निर्णय मला त्याच्या सगळ्या आकडेमोडीपेक्षा मोठा वाटतो.

हे प्रकरण कुणाला लागू पडतं

हे दहा जण पलटणीत वीस वर्षं काढलेले जवान किंवा अधिकारी नव्हते. तीन-चार वर्षं गणवेशात होते. त्याआधी ते प्राध्यापक, हिशेबनीस, बँकेतले अर्थतज्ज्ञ असे होते. त्यांना नागरी जगाची ओळख नव्याने करून घ्यावी लागली नाही. ज्याने ऐन तारुण्य सीमेवर घालवलं आहे त्याला ‘बघा, मॅकनामाराने करून दाखवलं’ असं सांगणं अन्याय आहे. त्याच्यासाठी या प्रकरणातलं उपयोगी ते एवढंच: आपण सैन्यात रोज प्रत्यक्ष काय करत होतो हे हुद्द्याचं नाव न घेता सांगता येणं. पुरवठ्याच्या सुभेदाराने ‘सुभेदार होतो’ म्हटलं तर समोरचा मान डोलावतो. ‘रस्ता बंद असताना अमुक इतक्या माणसांना इतके महिने शिधा कमी पडू दिला नाही’ म्हटलं, तर समोरचा खुर्ची पुढे ओढतो. थॉर्नटनने तारेत आणि पहिल्या भेटीत हेच केलं होतं.

परत गणवेशवाल्यांकडे

9 नोव्हेंबर 1960 रोजी, जॉन केनेडी निवडून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, मॅकनामाराला फोर्डचा अध्यक्ष नेमण्यात आलं. महिनाभरातच केनेडीचा निरोप आला: संरक्षण खातं घ्या. रुग्णालयाच्या बिलांसाठी उद्योगात आलेल्या या माणसाने सुमारे 30 लाख डॉलरच्या शेअरांवर पाणी सोडलं आणि वर्षाला 25,000 डॉलरची सरकारी जागा घेतली. पुढे व्हिएतनामच्या युद्धात याच मोजण्याच्या सवयीने त्याला आणि त्याच्या देशाला कुठे नेलं, मेलेल्या शत्रूंच्या आकड्यांवर विजय मोजण्याने किती जीव गेले, तो वेगळा आणि फार दुःखाचा अभ्यास आहे.

1961च्या जानेवारीत त्याने शपथ घेतली. मार्चमध्ये पेंटॅगॉनमधल्या सेनाधिकाऱ्यांच्या हाती त्याने एक यादी ठेवली. तिच्यात शंभराच्या आसपास प्रश्न होते, आणि प्रत्येकापुढे उत्तर कुणी, किती तारखेपर्यंत द्यायचं ते लिहिलेलं होतं.